बस्त्याव मास्तरांची पाटी

कुणी माझ्यासमोर "अमेरिका असं म्हणते" म्हणून सुरुवात केली, की माझ्या तोंडून अजूनही निघून जातं, "कोण म्हणतं? नाव सांगा." जावई बिचारा विषय बदलतो. त्याला वाटतं, सासूबाईंचा स्वभावच खाष्ट. खाष्ट आहेच, मी कुठं नाकारतेय; पण हे वाक्य माझं नाही. ते बस्त्याव मास्तरांचं.

मी आगाशीची. आमची केळीची वाडी. घरात बायकांनी नोकरी करायची पद्धत नव्हती, तरी मी हट्टानं मॅट्रिक झाले आणि गावापलीकडच्या ख्रिस्ती आळीतल्या शाळेत शिकवायला लागले. बस्त्याव मास्तर तिथे इंग्रजी शिकवायचे. उंच, वाळके, बारा महिने अंगात एकच करडा कोट आणि कोटाच्या खिशाला खडूची पांढरी किनार. लढाईच्या काळात ते मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे बोटीतून उतरणाऱ्या गोण्या मोजणारे. गोणी उतरली की एक उभी रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावर आडवी. ही सवय त्यांनी गोदीतून जी उचलून आणली ती कायमची. मुलांची हजेरी रेघांनी, विहिरीवरच्या कळश्या रेघांनी. एकदा मी एका तासात मुलांना किती वेळा "गाढवांनो" म्हणाले, तेही त्यांनी बाहेरून ऐकून रेघांनी मांडून ठेवलं आणि मधल्या सुट्टीत मला दाखवलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

गोदीत त्यांची एका अमेरिकन सोल्जराशी ओळख झाली होती. गव्हाच्या मुलखातला पोरगा. त्याच्या गावात त्याच्या चुलत्याचा छापखाना होता आणि तिथून आठवड्याला एक चार पानी पेपर निघायचा. परत जाताना त्यानं मास्तरांच्या नावानं तो पेपर सुरू करून दिला. पुढे त्या पोरानं दोन ओळीसुद्धा कधी लिहिल्या नाहीत, पण पेपर बंद करायलाही तो विसरला असावा. लढाई संपली, इंग्रज गेले, तरी पेपर येत राहिला. बोटीनं यायचा, त्यामुळे दोन-दोन महिने शिळा, आणि तीन-चार अंक एकदम. मास्तर पोस्टातून यायचे, केळीचे घड उतरवायच्या कोयत्यानं दोरी कापायचे, पहिलं पान न बघताच उलटायचे आणि वाचकांची पत्रं काढायचे.

"पहिल्या पानावर त्यांचा प्रेसिडेंट बोलतो," ते म्हणायचे. "त्यानं काय बोलायचं ते तिसऱ्या पानावरची माणसं ठरवतात. आपण तिसरं पान वाचावं, बाई."

दर रविवारी मिस्सा सुटला की देवळाच्या पायऱ्यांवर (त्या आळीत चर्चला सगळे देऊळच म्हणत आणि तिथल्या रविवारच्या प्रार्थनेला मिस्सा) मास्तर ती पत्रं मराठी करून वाचून दाखवायचे. मी हिंदू, मला मिस्साशी काय करायचंय, पण त्या वाचनाला मी मुद्दाम जायची. तिकडची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून आळीनं आपलीच नावं ठेवली होती. एक गायवाला होता, तो दर पत्रात स्वतःच्या गायींचा विषय आणायचा. एक पाद्रीणबाई होती. पाद्र्याला बायको असते हे पहिल्यांदा ऐकलं त्या रविवारी हशा थांबेना, शेवटी फादरांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. आणि एक होती चिडकी. म्हातारी विधवा. तिचा एकुलता एक मुलगा लढाईत गेला आणि कुठल्याशा परमुलखात पुरला गेला. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं: आमची पोरं दुसऱ्यांच्या मातीत कितीदा पुरायची? जगाशी आपला संबंध नको. दार लावून घ्या.

आळीतल्या बायकांचा जीव होता चिडकीवर. "काय मास्तर, चिडकी बरी हाय ना?" असं रस्त्यात थांबवून विचारायच्या. एकदा लागोपाठ पाच अंकांत तिचं पत्र नव्हतं, तर कुणीतरी तिच्या नावानं मेणबत्ती लावून आलं.

एकदा तालुक्याहून एक पुढारी शाळेत भाषणाला आले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "अमेरिका आपला द्वेष करते!" मास्तर मागच्या बाकावरून उठले.

"कोण करतं? नाव सांगा."

"अमेरिका."

"त्यातलं कोण? मी तिथल्या एका गावातली पंधरा-वीस माणसं ओळखतो. त्यातल्या गायवाल्याला आपला देश नकाशात सापडत नाही. तो द्वेष कुठून करणार?"

पुढाऱ्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्यानंतर आमच्या शाळेचं गळकं छप्पर दोन वर्षं तसंच राहिलं, पण मास्तरांना त्याचं काही नाही.

मग एक्कावन्न साल उजाडलं. रेशनवरचं धान्य आधीच अपुरं, ते आणखी कापलं. मिळायचा तो लाल मिलो, म्हणजे बाहेरदेशची हलकी ज्वारी, तोही खड्यांसकट. आमच्या भागात वाड्या आहेत, केळी आहेत, पण भात-भाकरीशिवाय नुसत्या केळ्यावर पोरं किती दिवस काढणार? सकाळच्या प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं बसकण मारायला लागली. आपल्या सरकारनं अमेरिकेकडे गहू मागितला होता आणि तिकडे त्यावर वाद पेटला होता. कोरियात लढाई चालू होती, आपण त्यांची बाजू घेत नाही म्हणून तिथली माणसं चिडलेली. तिसऱ्या पानावर दुसरा विषयच उरला नाही.

मास्तरांनी शाळेच्या ओसरीवर एक मोठी पाटी टांगली. मधोमध रेघ. एकीकडे लिहिलं "द्यावं", दुसरीकडे "देऊ नये". पेपर आले की एकेका पत्राची एकेक उभी रेघ, पाचवी आडवी. येणारा-जाणारा ओसरीशी थांबून आधी पाटी बघायचा. पाद्रीणबाईनं लिहिलं होतं, भुकेल्या पोराला तू कुणाच्या बाजूचा असं विचारायचं का? तिची रेघ "द्यावं"खाली. गायवाला म्हणत होता, आमची पोरं कोरियात मरतायत आणि हे लोक पाठ फिरवतात, मग गहू कशाला? त्याची रेघ पलीकडे. "देऊ नये"ची रांग दर अंकागणिक लांबत होती. चिडकीनं मात्र अजून काहीच लिहिलं नव्हतं.

"ती लिहील," मास्तर म्हणाले. "तिचं ऐकतात तिथं. आणि बाई, हे सगळे आपल्याबद्दल बोलतायत, पण आपल्यातल्या एकाला तरी ओळखतात का? आपण लिहायला पाहिजे."

त्यांनी पत्र लिहिलं. रेशनचं लिहिलं, मिलोचं लिहिलं, प्रार्थनेत खाली बसणाऱ्या पोरांचं लिहिलं. आणि मागायला जायचं ते रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आळीत शब्द टाकला. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात, ती आमच्याकडची खासियत. घराघरातून दोन-दोन, चार-चार आली. सगळ्यात जास्त दिली नताल्याबायनं. ही साठीची विधवा, डोक्यावर केळ्यांची टोपली घेऊन विरार स्टेशनवर विकायची. मुलीच्या, माग्दूच्या, बाळंतपणासाठी तिनं ती सुकेळी राखून ठेवली होती. वर डबाही तिचाच, झाकणावर गुलाबाची फुलं असलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, नवऱ्यानं कधीकाळी मुंबईहून आणलेला.

"नताल्याबाय, माग्दूसाठी राहू दे," मास्तर म्हणाले.

"गहू आला तर माग्दूलाच मिलेल ना? घेऊन टाक. पन डबा माझा हाय, तो परत आला पायजे."

सुकेळी केळीच्या सुक्या पानांत बांधून डब्यात बसवली आणि पत्रासोबत त्या छापखान्याच्या पत्त्यावर पोस्टात टाकली. पत्रात रिकाम्या हातानं न जायच्या आमच्या ह्या रीतीबद्दल मास्तरांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. एवढं साधं काय सांगायचं? ते पत्र मीही वाचलं होतं आणि मलाही त्यात काही कमी वाटलं नाही. हे मी आज सांगते, तेव्हा कळलं असतं तर.

उत्तर यायला मे उजाडला. शनिवारी दुपारी मास्तर ओसरीवर पेपर हातात धरून बसले होते. मला बघून त्यांनी तो नुसता पुढे केला. चिडकीनं लिहिलं होतं: "छापखान्याच्या काचेत मी तो डबा पाहिला. फुलाफुलांचा डबा, आत मिठाई. उपास मीही काढले आहेत. घरात पोर उपाशी असताना कुणी परक्याला मिठाई पाठवत नाही. हे लोक उपाशी नाहीत, हे लोक हुशार आहेत." खाली आणखी दोघांची पत्रं होती, म्हातारीचं बरोबर आहे म्हणून.

माझा संताप संताप झाला. "मेली थेरडी!" म्हणाले मी, चक्क ओरडून. मग मास्तरांकडे बघितलं आणि गयावया केली, "मास्तर, हे उद्या वाचू नका. माग्दूची गत बघताय ना? अंगावर दूध नाही तिच्या. नताल्याबायला हे ऐकवणार तुम्ही? गाळा ना एवढं एक पत्र, कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मास्तर म्हणाले. "आपल्या विरुद्ध आलं तेवढं गाळलं, तर गेली इतकी वर्षं मी पायऱ्यांवर बसून काय वाचत होतो?" ते उठले आणि पाटीवर "देऊ नये"खाली तीन रेघा ओढल्या. रेघा सरळ होत्या.

रविवारी त्यांनी वाचलं. शब्द न शब्द.   मास्तरांनी घडी घालून पेपर कोटाच्या खिशात ठेवला, तशी नताल्याबाय उठली. माग्दूचं पोर तिच्या कडेवर होतं, अगदी मूठभर.

"ह्याच्या आयशीच्या तोंडातलं काढून दिलं मी, मास्तर. तुज्या शब्दावर दिलं. तू बोल्लास, मानसं हायत ती, त्यांना कललं की देतील. आता कोन हुशार?"

मास्तरांनी सरकून तिला बसायला जागा केली, ती बसली नाही. 

"लिही," ती म्हणाली. "मी सांगते ते लिही. आत्ता, हितं."

मास्तरांनी गुडघ्यावर वही घेतली. ती उभ्यानंच बोलत होती. "म्हाताऱ्ये, तुजं पत्र येईना तवा आमी मेनबत्ती लावली. भूक हाय म्हनून आमी रीत सोडली नाय. तुला सुकेली गोड लागली नाय तर राहू दे. पन डबा माज्या नवऱ्याचा हाय. तो परत पाठव. बस."

मास्तर हळूच म्हणाले, "आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, हे एक वाक्य घालू का? म्हणजे त्यांना समजेल."

"अजिबात घालू नको!" ती अशी कडाडली की पोर रडायला लागलं. "सांगून भरलेला डबा काय करायचा?"

पत्र गेलं. पुढचे चार महिने फार वाईट गेले. आळीत मास्तरांना कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण रविवारी मिस्सा सुटला की लोक पायऱ्यांवर न थांबता घरी जायला लागले. नताल्याबाय तर त्यांना पाहून रस्ता बदलायची. मास्तर रिकाम्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसायचे आणि मग उठायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. मी म्हणायची, अहो, एक माणूस चुकीचं निघालं, सोडून द्या. ते म्हणायचे, "ती चुकली नाही, बाई. तिच्या गावी उपाशी माणूस मिठाई पाठवत नसेल. चुकलो मी. गोण्या मोजताना आत काय आहे ते लिहावं लागतं, ते मी लिहिलं नाही."

दरम्यान गव्हाचा निकाल लागला. त्यांच्या पार्लमेंटानं होय म्हटलं. बोटी आल्या, आगाशीच्या रेशनच्या दुकानात गहू दिसला, माग्दूच्या घरी पोळी झाली. लोकांचे चेहरे जरा सैल पडले. मी धावत मास्तरांकडे गेले, म्हटलं, "आलं की नाही? आता पुसा ती पाटी!"

"सरकारचं आलं," ते म्हणाले. "चांगलं झालं. माणसांचं आलं नाही अजून."

मला वाटलं, ह्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. गहू तो गहू, पोटाला काय कळतं कुणी दिला? पण त्यांना ते कळायला हवं होतं, आणि नताल्याबायलाही. तिनं रेशनचा गहू घेतला, पण मास्तरांकडे मान वर करून बघितलं नाही.

पावसाळा संपता संपता नताल्याबायचं पत्र छापून आलेला अंक हाती पडला. जसंच्या तसं छापलं होतं. मास्तरांनी त्याच्यानंतरचे अंक घाईघाईनं उलटले, एक, दोन, तीन. तिच्या पत्रावर कुणीच काही लिहिलं नव्हतं. गव्हावरही नव्हतं. पानभर पत्रं त्यांच्या गावच्या रस्त्यांतल्या खड्ड्यांवर. मतदान झालं, विषय संपला, माणसं दुसऱ्या कामाला लागली. चिडकीचंही पत्र नाही. ओसरीवर बसून मास्तरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"शिवी परवडते, बाई," ते म्हणाले. "शिवी देणारा ऐकत तरी असतो."

दिवाळीनंतर मी आगाशी सोडली. मुंबईत ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली होती. सकाळची विरारची मोटार देवळाच्या फाट्याशी उभी राहिली, तिथे नताल्याबाय टोपली घेऊन चढली आणि नेमकी माझ्या शेजारी बसली. आदल्या दिवशीच मी मास्तरांचा निरोप घेतला होता. त्यांनी मला खडूची एक अख्खी कांडी भेट दिली होती आणि "मुलांना गाढव कमी म्हणा" असं सांगितलं होतं. ओसरीवरची पाटी तशीच टांगलेली होती, पावसानं "देऊ नये"ची अक्षरं थोडी पुसट झाली होती.

मोटार सुटणार तेवढ्यात पोस्टाच्या बाजूनं कुणीतरी हात हलवत पळत येताना दिसलं. मास्तर! त्या माणसाला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. करडा कोट उघडा, बगलेत खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. कागद कोपऱ्यावर फाटला होता आणि फाटक्यातून पत्र्यावरचा गुलाब दिसत होता.

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "मास्तर! कुणी पाठवला? नाव सांगा, नाव!"

त्यांना धाप लागली होती. कागदावरचं नाव त्यांनी पोस्टातच वाचलं होतं, पण आमच्या आळीत तिचं नाव एकच होतं. "चिडकी!" ते ओरडले. "चिडकीनं!"

त्यांनी डबा खिडकीतून आत दिला, माझ्या हातात नाही, नताल्याबायच्या. उघडून पाहिला नव्हता त्यांनी. पोस्टापासून इथवर हातात असून उघडला नव्हता. "तुझा डबा," एवढंच म्हणाले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे बघितलं.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नताल्याबायनं डबा दोन्ही हातांत धरला, कानाशी नेला आणि हलवला.  आत काहीतरी खुळखुळलं.

"रिकामा नाय," ती म्हणाली. आधी हळू, मग खिडकीतून बाहेर तोंड काढून मोठ्यानं, "मास्तर, रिकामा नाय रे!"

आत मक्याचं बियाणं होतं आणि चिठ्ठी-बिठ्ठी काही नव्हती, हे मला पुढे मास्तरांच्या पत्रातून कळलं. तेव्हा मात्र तिनं तो उघडला नाही. विरारपर्यंत मांडीवर धरून बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली, आणि मीही. मोटार हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. बस्त्याव मास्तर धुळीत उभे होते. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, निरोपाचा हात. पण त्यांनी बोटानं हवेत वरून खाली, सावकाश, एक उभी रेघ ओढली.